रोमन चांदीच्या नाण्याची जन्मभूमी आता सीमाशुल्काच्या दारात

रोमन साम्राज्याच्या चांदीच्या नाण्यावरील सम्राट कोण, ते कोणत्या वर्षी पाडले गेले आणि कोणत्या टांकसाळीतून बाहेर पडले, हे प्रश्न आजवर नाणेशास्त्राचे अभ्यासक, वस्तुसंग्रहालये आणि संग्राहक यांच्यापुरतेच मर्यादित होते. त्यांतील शेवटच्या प्रश्नाला २८ जून २०२५ पासून कायदेशीर वजन प्राप्त झाले आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीसंबंधीचा युरोपीय महासंघाचा २०१९ मधील ८८० क्रमांकाचा नियम त्या दिवशी पूर्णांशाने अमलात आला आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या टांकसाळीचा पत्ता सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडला.

वरवर पाहता हा युरोपातील व्यापाऱ्यांचा घरचा मामला वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. या नियमातील एका ‘किंवा’मुळे कोइमतूर परिसरात जमिनीतून निघालेली रोमन नाणी त्याच्या संरक्षणाबाहेर राहतात आणि सिरियात सापडलेल्या काही नाण्यांचे भवितव्य अभ्यासकांनी यादीत घातलेल्या प्रश्नचिन्हावर अवलंबून राहते. ज्या लुटीला आळा घालण्यासाठी हा नियम जन्माला आला, ती लूट नेमकी याच भागांत झाली वा होऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे या पेचाचे गांभीर्य ध्यानात येते.

नियमाची पार्श्वभूमी इराक आणि सिरियातील युद्धांची आहे. २०११ नंतर सिरियातील अपामिया, दुरा-युरोपोस यांसारख्या प्राचीन स्थळांवर चोरट्या खोदकामाचे शेकडो खड्डे उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसू लागले. तेथून निघालेला माल पाश्चात्य बाजारपेठेत पोहोचतो आणि त्यातून सशस्त्र गटांना पैसा मिळतो, ही भीती युरोपीय कायदेमंडळाला होती. त्यामुळे मूळ देशातून बेकायदा बाहेर गेलेल्या वस्तू महासंघात आणण्यास २८ डिसेंबर २०२० पासूनच बंदी घालण्यात आली. जून २०२५ मध्ये त्यापुढची पायरी गाठली गेली. पुरातत्त्वीय उत्खननातून वा शोधातून निघालेल्या आणि अडीचशे वर्षांहून जुन्या वस्तूला, तिची किंमत कितीही असो, आयात परवाना लागेल. शिलालेख, नाणी, मुद्रा अशा दोनशे वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी मात्र आयातदाराचे निवेदन पुरेल. तेही किंमत १८ हजार युरो वा त्याहून अधिक असेल तरच.

येथेच पहिली अडचण उभी राहते. साधा देनारियस, म्हणजे रोमन साम्राज्याचे रोजच्या व्यवहारातले चांदीचे नाणे, युरोपात शे-दोनशे युरोंना सहज मिळते. ते ‘नाणे’ या वर्गात धरले तर एकाही कागदाची गरज नाही. पण जगातील बहुतेक प्राचीन नाणी कधी ना कधी जमिनीतूनच वर आली आहेत. म्हणजे तेच नाणे ‘पुरातत्त्वीय शोधातून निघालेली वस्तू’ या वर्गात धरले, तर किंमत दोनशे युरो असूनही परवाना आवश्यक. व्यापारी अर्थातच पहिला अर्थ लावतात, तर पुरातत्त्वज्ञांचा कल दुसऱ्या अर्थाकडे असतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. महासंघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात निर्माण झालेल्या किंवा तेथे सापडलेल्या वस्तूंना हा नियम लागूच होत नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. दोहोंपैकी एक अट पुरी झाली की वस्तू नियमाबाहेर. रोम, ल्योन, मिलान, ट्रियर येथील टांकसाळी आजच्या महासंघाच्या हद्दीत येतात. अँटिऑक म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या, एमेसा म्हणजे सिरियातील होम्स, लाओडिसिया म्हणजे लताकिया आणि इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या हद्दीबाहेर आहेत. ब्रिटन महासंघातून बाहेर पडल्यामुळे तिसऱ्या शतकातील लंडनची टांकसाळही आता परदेशात जमा झाली आहे! सम्राट एक, चेहरा एक, चांदी एक. पण टांकसाळ बदलली की कायदा बदलतो.

ओळख पटते कशी?

या नाण्यांची ओळख पटवणे हे मुळात गूढ शास्त्र नव्हे. नाण्याच्या दर्शनी बाजूला सम्राटाचे मस्तक आणि कडेने त्याचे नाव व पदव्या असतात. मागील बाजूला देवता, एखादा सद्गुण मूर्तरूपात, विजयाचे दृश्य वा राजघराण्यातील व्यक्ती. लेख लॅटिनमध्ये, शब्दांत अंतर न सोडता आणि संक्षेपांनी भरलेला. ‘इम्प’ म्हणजे इंपेरातोर, ‘आउग’ म्हणजे ऑगस्टस, ‘पी एम’ म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, ‘टी आर पी’ म्हणजे ट्रिब्यूनचा अधिकार, ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल. ही पाच-सहा अक्षरयुग्मे ज्याला वाचता येतात, त्याच्यापुढे निम्मे नाणे उलगडते.

यातील ‘टी आर पी’ सर्वांत उपयोगी. ट्रिब्यूनचा अधिकार सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळत असे आणि त्याचा क्रमांक नाण्यावर कोरला असेल तर नाणे नेमक्या वर्षापर्यंत नेता येते. कॉन्सलपदाची गोष्ट निराळी. हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला तो इसवी सन ११९ मध्ये. त्यानंतर १३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ते पद पुन्हा घेतले नाही. त्यामुळे ‘कॉस तीन’ एवढेच लिहिलेली त्याची नाणी एकोणीस वर्षांच्या पट्ट्यात कोठेही बसू शकतात आणि अभ्यासकांना केशरचना, दाढीची ठेवण, लेखाची मांडणी यांवरून क्रम लावावा लागतो.

नावांचा घोळ तर प्रसिद्धच आहे. अँटोनिनस हे नाव अँटोनिनस पायसने तर वापरलेच, पण मार्कस ऑरेलियस, कमोडस, कराकला आणि एलागाबालस यांच्याही नाण्यांवर ते येते. कराकलाचे ‘अँटोनिनस पायस आउग’ आणि एलागाबालसचे ‘इम्प अँटोनिनस पायस आउग’ यांत फरक तीन अक्षरांचा. नवखा संग्राहक येथे हमखास फसतो. जाणकार मात्र मागील बाजूच्या मोकळ्या जागेत एखादा तारा दिसतो का, ते पाहतो. एलागाबालसच्या पुष्कळ नाण्यांवर तो असतो, कराकलाच्या देनारियसवर त्याची अपेक्षा नसते.

मस्तकावरील मुकुटही बोलका असतो. पर्णमुकुट असेल तर बहुधा देनारियस. किरणांचा मुकुट असेल तर कराकलाने २१५ मध्ये सुरू केलेले मोठे नाणे, ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. सम्राज्ञीच्या बाबतीत किरणांऐवजी खांद्याखाली चंद्रकोर असते. हे नाणे दोन देनारियसच्या मोलाचे मानले जात असावे, पण त्यात चांदी होती जेमतेम दीड देनारियसची. सरकारने आपल्याच प्रजेला दिलेला हा हातोहात चकवा होता.

कस आणि वजन यांचा इतिहास हा या नाण्यांच्या ओळखीचा दुसरा आधार. ऑगस्टसच्या काळी एका रोमन पौंडातून ८४ देनारियस पाडले जात. नीरोने इसवी सन ६४च्या सुमारास ती संख्या ९६ केली आणि चांदीत तांबेही मिसळले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या कारकिर्दीत चांदीचा अंश निम्म्यावर आला. २७० पर्यंत तर किरणमुकुटाच्या नाण्यात चांदी नावापुरती उरली. तांब्यावर पांढरा मुलामा, एवढेच. डायोक्लेशनने २९४च्या सुमारास चांगल्या कसाचे नवे नाणे काढले तेव्हा लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याच्यावर शहाण्णवचा रोमन आकडाच कोरला. पौंडात किती नाणी, याची ती जाहीर ग्वाही होती. चौथ्या शतकातील सिलिक्वा या चांदीच्या नाण्यांवर खालच्या पट्टीत टांकसाळीची अक्षरेही स्पष्ट असतात. ब्रिटनमध्ये हॉक्सन येथे १९९२ मध्ये सापडलेल्या सुमारे १५ हजार नाण्यांच्या साठ्यात अशा सिलिक्वांचाच भरणा होता आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या. चांदी काढून घ्यायची, पण सम्राटाच्या चेहऱ्याला धक्का लावायचा नाही, असा हिशेब होता.

संदर्भग्रंथांचीही कमतरता नाही. ‘रोमन इंपीरियल कॉइनेज’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९२३ मध्ये निघाला, दहावा १९९४ मध्ये. जुन्या खंडांच्या सुधारित आवृत्त्या आजही निघत आहेत. त्या यादीवर उभारलेला ४० हजारांहून अधिक प्रकारांचा संगणकीय कोश अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या पुढाकाराने २०१२ पासून जगभर विनामूल्य उपलब्ध आहे. पूर्वी ज्या ओळखीसाठी दुर्मिळ ग्रंथ चाळावे लागत, ती आता घरबसल्या काही मिनिटांत होते.

बनावट नाण्यांचे आव्हान मात्र कायम आहे. ओतीव नकलेच्या कडेला साच्याचा सांधा दिसतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे व्रण असतात, आवाज बद्द येतो. ठोकून पाडलेली नक्कल ओळखणे कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर याने स्वतः साचे कोरून अशा नकला पाडल्या. त्या जुन्या दिसाव्यात म्हणून लोखंडी किसाच्या पेटीत घालून तो त्यांना घोडागाडीतून फिरवून आणत असे, अशी आख्यायिका आहे. अलीकडच्या काळात बल्गेरियातील कारागिरांनी पाडलेल्या नकलांनी तज्ज्ञांनाही चकवले आहे.

प्रश्नचिन्हाची किंमत

सम्राट, वर्ष, कस हे सारे ठरले तरी टांकसाळ ठरत नाही, आणि पेच तेथेच आहे. पहिल्या तीन शतकांतील बहुसंख्य देनारियसवर टांकसाळीचे नाव नसते. त्या वेळच्या माणसाला त्याची गरजही नव्हती. नाणे सम्राटाचे, मग ते कोठेही पडलेले असो. आजचे निर्णय लेखाचे स्वरूप, कोरणाऱ्याची शैली, साच्यांचे परस्परसंबंध आणि नाणी कोठे सापडतात यांवरून घेतले जातात. ते निर्णय अनेकदा सबळ असतात, अंतिम क्वचितच.

सेप्टिमियस सेव्हेरसचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १९३ मध्ये सत्तेसाठी यादवी माजली. पूर्वेकडे पेसेनियस नायजर याने स्वतःच्या नावाने देनारियस पाडले आणि त्याचा पाडाव करण्यासाठी निघालेल्या सेव्हेरसच्या सैन्याचा पगारही पूर्वेकडेच पाडलेल्या नाण्यांत दिला गेला. रोमच्या नाण्यांवर या काळात लेखाची सुरुवात ‘एल सेप्ट सेव्ह’ अशी होते. पूर्वेकडील नाण्यांवर ‘इम्प काए एल सेप सेव्ह’ अशी, आणि कॉन्सलपदाचा उल्लेख दर्शनी बाजूवरच येतो. हा भेद नजरेत भरणारा आहे. पण पुढे पूर्वेकडील कारागिरांनी रोमचेच लेख जसेच्या तसे उचलले. तेव्हा उरते ती केवळ शैली: डोळ्याची रेघ, दाढीचे कुरळे, अक्षरांचा बाज. १९३६ मध्ये निघालेल्या खंडाने ही नाणी अलेक्झांड्रिया, एमेसा आणि लाओडिसिया यांत वाटून टाकली. नंतरच्या अभ्यासकांनी अलेक्झांड्रियाच्या वाट्यावर शंका घेतली आणि ती नाणी सिरियाकडे वळवण्याचा पक्ष मांडला.

ग्रंथालयात हा वाद निरुपद्रवी होता. नव्या नियमाखाली त्याचा अर्थ वेगळा होतो. परवाना हवा असेल तर वस्तू जेथे निर्माण झाली वा सापडली, त्या देशाच्या कायद्यानुसार ती बाहेर पडली, हे आयातदाराने दाखवायचे आहे. मग कायदा कोणता पाहायचा, इजिप्तचा की सिरियाचा? नियमाने यावर एक वाट ठेवली आहे. निर्मितीचा वा सापडण्याचा देश खात्रीने ठरवता येत नसेल, किंवा वस्तू २४ एप्रिल १९७२ पूर्वीच तेथून बाहेर गेली असेल, तर ज्या देशात ती शेवटी पाच वर्षांहून अधिक काळ होती, त्या देशाच्या कायद्यानुसार निर्यात झाल्याचा पुरावा चालेल. ही तारीख युनेस्कोचा १९७० मधील करार अमलात आला त्या दिवसाची आहे.

सवलत निरर्थक नाही. शतकानुशतके हिंडलेल्या वस्तूंना नेमका देश चिकटवणे खरोखर अवघड असते. परंतु तिचा परिणाम असा, की ‘एमेसा’ या शब्दापुढे अभ्यासकाने प्रामाणिकपणे घातलेले प्रश्नचिन्ह व्यापाऱ्याच्या सोयीचे ठरते. ज्ञानातील अनिश्चितता जितकी अधिक, तितकी कागदपत्रांची मागणी सैल. होम्सजवळच्या शेतातून काल निघालेले नाणे आणि शंभर वर्षांपूर्वी एखाद्या स्वित्झर्लंडच्या संग्रहात गेलेले नाणे दिसायला सारखेच असते आणि दोहोंचे वर्णन यादीत एकाच ओळीत होते.

धातूचे पृथक्करण हा वाद मिटवील, अशी आशा अनेकांना वाटते. हाइम गिटलर आणि मॅथ्यू पाँटिंग यांनी सेव्हेरसच्या कुटुंबाच्या चांदीच्या नाण्यांचा असा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. केव्हिन बुचर आणि पाँटिंग यांचा नीरो ते ट्रेजन या काळावरील ग्रंथ २०१४ मध्ये आला. चांदीचा कस आणि त्यातील अल्पांश धातू यांवरून टांकसाळींचे गट पाडण्यास अशा कामाची मोठीच मदत होते. पण यात एक मेख आहे. नाणे पाडण्यापूर्वी चकत्यांच्या पृष्ठभागावरील तांबे रोमन कारागीर मुद्दाम काढून टाकत, जेणेकरून निम्म्या चांदीचे नाणे शुद्ध चांदीचे भासावे. त्यामुळे हातात धरून क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासणारे यंत्र कस फुगवून सांगते. खरा आकडा हवा तर कडेला बारीक भोक पाडून आतला धातू काढावा लागतो. बंदरावर वा विमानतळावर हे कोण करणार? आणि केले तरी चांदी कोठली, एवढेच कळेल. नाणे कोणत्या शेतातून निघाले, ते नव्हे.

कागद खोटे, नाणे खरे

नाण्याची ओळख अचूक असूनही व्यवहार कसा बनावट ठरू शकतो, याचे ठळक उदाहरण सोन्याच्या नाण्याचे आहे. सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने दोन खंजीर आणि मुक्त गुलामाची टोपी यांचे चित्र असलेली नाणी पाडली. चांदीतील सुमारे शंभर ज्ञात आहेत, सोन्यातील अवघी तीन. त्यांतील एक ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. नाणे अस्सलच होते. त्याच्या पूर्वीच्या मालकीचा इतिहास मात्र रचलेला निघाला. न्यूयॉर्कच्या मॅनहटन जिल्हा अभियोक्त्यांनी कारवाई केली आणि मार्च २०२३ मध्ये ते ग्रीसच्या स्वाधीन करण्यात आले. लाखो पौंडांच्या नाण्यामागे तपास यंत्रणा उभी राहते. दोनशे युरोंच्या देनारियसमागे कोण उभे राहणार?

जमिनीतली जागा माहीत असली तर काय हाती लागते, हे ब्रिटनमधील फ्रोम येथील साठ्याने २०१० मध्ये दाखवून दिले. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला शेतात मातीचा रांजण लागला. त्याने तो उपसला नाही, पुरातत्त्वज्ञांना बोलावले. ५२ हजार ५०३ नाणी थराथरांनी वर काढली गेली. वजन १६० किलो. त्यात ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट बनलेल्या करॉसियसची पाच चांदीची देनारियस होती, चांगल्या कसाची. साठा टप्प्याटप्प्याने भरला असता तर त्याची नाणी, म्हणजे सर्वांत अलीकडची, वर असायला हवी होती. ती बव्हंशी खालच्या थरांत निघाली. म्हणजे रांजण एकाच वेळी भरला गेला, आणि तोही पुरल्यानंतर. कारण एवढ्या वजनाने तो उचलताच फुटला असता. संकटकाळी पुरलेली बचत की देवाला वाहिलेले द्रव्य, ही चर्चा त्यातून उभी राहिली. तीच नाणी सुटी बाजारात आली असती तर ५२ हजार अचूक वर्णने मिळाली असती आणि हा एक प्रश्नही विचारता आला नसता. तो साठा सॉमरसेटच्या संग्रहालयाने तीन लाख २० हजार पौंडांना घेतला आणि ती रक्कम शोधक व जमीनमालक यांच्यात वाटली गेली.

(याच करॉसियसच्या चांदीच्या नाण्यांवरील ‘आर एस आर’ ही अक्षरे खजिन्याच्या अधिकाऱ्याची खूण म्हणून दीर्घकाळ वाचली जात. ती व्हर्जिलच्या एका ओळीतील शब्दांची आद्याक्षरे असल्याचे १९९८ मध्ये मांडले गेले. पूर्ण ओळखले गेलेले नाणेही कधी कधी अर्धेच ओळखलेले असते, ते असे.)

कोइमतूरचे नाणे ल्योनचे

भारताचा संबंध येथे येतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथे रोमन सोन्याचांदीची नाणी येतात आणि स्थानिक चलनात बदलताना नफा मिळतो, असे नमूद आहे. मात्र पश्चिम भारतात, महाराष्ट्रासह, रोमन चांदीची नाणी फारच थोडी सापडतात. ती वितळवून क्षत्रपांची चांदीची नाणी पाडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३ हजारांहून अधिक क्षत्रप नाण्यांत नहपानाचे मस्तक आणि कडेची ग्रीक अक्षरे पाहिली की भूमध्य सागराकडून आलेल्या नमुन्यांची आठवण होते. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. एवढी नाणी एकत्र मिळाली म्हणूनच सातवाहनांच्या विजयाचा पुरावा इतका भक्कम ठरला.

दक्षिणेत चित्र वेगळे आहे. कोइमतूर परिसरातील बुदिनाथम येथे जवळपास चौदाशे, तर आजच्या तेलंगणातील अक्कनपल्ले येथे दीड हजारांहून अधिक देनारियस मिळाले. भारतातील अशा साठ्यांत दोन प्रकारांचे प्राबल्य आहे. एकावर ऑगस्टसचे मस्तक आणि मागे त्याचे दत्तकपुत्र गायस व लुसियस ढालींसह उभे. दुसऱ्यावर टायबेरियस आणि मागे आसनस्थ स्त्री. हे दोन्ही प्रकार ल्योनच्या टांकसाळीचे मानले जातात. नीरोपूर्वीची ही नाणी अधिक वजनाची व शुद्ध असल्याने भारतीय व्यापाऱ्यांनी ती पसंत केली, हे त्याचे एक सर्वमान्यप्राय स्पष्टीकरण.

आता नव्या नियमातील ते ‘किंवा’ पुन्हा वाचावे. ल्योन फ्रान्समध्ये, म्हणजे महासंघाच्या हद्दीत. नाणे तेथे ‘निर्माण’ झाले. मग ते तमिळनाडूतील शेतातून निघाले आणि चोरट्या मार्गाने जर्मनीत वा फ्रान्समध्ये पोहोचले तरी हा नियम त्याच्या वाटेला जात नाही. नाण्याची ओळख जितकी निर्विवाद, तितके ते या नियमाच्या बाहेर! भारताच्या हाती काहीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. जर्मनीचा २०१६चा सांस्कृतिक वारसा कायदा मूळ देशातून बेकायदा आलेल्या वस्तूंच्या आयातीस मनाई करतो. अमेरिकेशी भारताने जुलै २०२४ मध्ये सांस्कृतिक मालमत्तेचा करार केला आहे. पण या सर्व मार्गांत नाणे भारतातून निघाले, हे भारतालाच सिद्ध करावे लागेल, आणि ल्योनचे नाणे स्वतःहून ते सांगणार नाही.

ते सिद्ध करण्याची पहिली पायरी म्हणजे सापडलेले नाणे सरकारदरबारी पोहोचणे. तेथे १८७८चा गुप्तधन कायदा आडवा येतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. सरकारने ते घ्यायचे ठरवले तर मोबदला काय? त्यातील धातूची किंमत आणि वर तिचा एकपंचमांश. म्हणजे पावणेचार ग्रॅम चांदीचे मोल आणि वीस टक्के. युरोपच्या बाजारात त्याच देनारियसला याच्या कित्येक पट मिळतात. विहीर खणताना लागलेला गाडगाभर ऐवज तहसील कचेरीऐवजी सराफाच्या मुशीत वा दलालाच्या पिशवीत का जातो, याचे उत्तर बहुतांशी या एका तरतुदीत आहे. फ्रोमच्या शोधकाने रांजण जागेवर ठेवला, त्यामागे त्याचा सद्भाव होताच. पण बाजारभावाने मोबदला देणारा कायदाही होता.

भारतीय भूमीची खूण अंगावर वागवणारी रोमन नाणी तशी थोडीच. काहींवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव आहे, तर काहींवर छोटे ठसे उमटवलेले आहेत. आणि काही मुळात रोमन नाहीतच: लॅटिन न येणाऱ्या स्थानिक कारागिरांनी पाडलेल्या त्या नकला, ज्यांच्यावरची अक्षरे नुसत्या रेघोट्यांसारखी दिसतात. या नकला भारतात निर्माण झाल्या व भारतातच सापडल्या. त्यामुळे महासंघाच्या नव्या नियमाच्या कक्षेत त्या येतात. ज्यांच्यावरून त्या केल्या गेल्या, ती टायबेरियसची अस्सल नाणी येत नाहीत.